हसरा वर्ग : शिक्षकाच्या उत्साहाचा आणि विनोदाचा इतिहास

ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक स्मरणिकांत एक प्रकरण सहसा चुकत नाही. ते म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली. शालान्त परीक्षेत कोणास किती गुण मिळाले, पदवी परीक्षेत कोण कोणत्या श्रेणीत आले, कोणास कोणते पारितोषिक देण्यात आले, हे सर्व तीत अगत्याने छापलेले असते. विद्यार्थ्याचे नाव असते, वडिलांचे नाव असते, मूळ गावाचे नाव असते; पारितोषिक ज्यांच्या स्मरणार्थ ठेवलेले असते त्या कैलासवासी गृहस्थांचेही नाव असते. नसते ते एकच नाव. ज्या शिक्षकाने त्या मुलास प्रथम पुस्तकात मान घालावयास लावली, आणि अधूनमधून ती मान वर करून मनमोकळे हसावयासही लावले, त्या शिक्षकाचे नाव मात्र त्या यादीत शोधूनही सापडत नाही.

प्रस्तुत लेख त्या गाळलेल्या नावाविषयी आहे. मुलास शाळेत घालणे हे आईबापांच्या हाती असते, शाळेची इमारत उभारणे देणगीदारांच्या हाती असते, शिष्यवृत्ती देणे संस्थेच्या हाती असते. परंतु मुलाचे शरीर बाकावर आणि मन खिडकीबाहेरच्या चिंचेवर, ही स्थिती पालटणे ह्या तिघांपैकी कोणाच्याही हाती नाही. ते काम शिक्षकाचे. शिक्षकाने ते कशाच्या बळावर करावयाचे, ह्या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्राने देऊन पाहिली आहेत. पहिले उत्तर धाकाचे, दुसरे ध्येयाचे आणि तिसरे हास्याचे. ह्या तीन उत्तरांचा इतिहास थोडक्यात वाचकांपुढे ठेवावा आणि त्यातून आपणांस काय घेण्यासारखे आहे ते पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

पंतोजींचा धाक

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्या गावोगावच्या मुलांचे शिक्षण पंतोजींच्या हाती होते. देवळाची ओसरी किंवा एखाद्या सुखवस्तू गृहस्थाची पडवी हीच शाळा. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवावयाची, पुढे मोडीचे वळण घटवावयाचे, आणि पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी एका सुरात घोकावयाची. शिकवणारास रोख पैसा थोडा आणि धान्य व शिधा अधिक मिळे. ह्या शाळांची आज कोणी कितीही थट्टा केली, तरी त्यांतून बाहेर पडलेला वाणी किंवा कुळकर्णी कागदाशिवाय जो हिशेब करी तो आजच्या पदवीधरास यंत्रावाचून साधत नाही, ही गोष्ट मान्यच केली पाहिजे.

परंतु त्या विद्येची किंमतही मुलांनी चुकती केलेली असे. अंगठे धरून ओणवे उभे राहणे, कान पिळून घेणे, छडी खाणे हे अभ्यासक्रमाचेच भाग समजले जात. छडीचे आणि विद्येचे यमक जुळविणारी म्हण आपल्या भाषेत रूढ झाली ती उगीच नव्हे. मुलास शाळेत पोहोचविताना पंतोजींना ‘हाडे आमची, मांस तुमचे’ असे सांगणारा बाप हा मुलाचा वैरी नव्हता. विद्या आणि वेदना ह्यांचा जन्मसंबंध आहे, असे त्यास खरोखरच वाटत होते.

येथे एक गोष्ट मात्र नीट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या शाळेतील जे ज्ञान मुलांच्या जिभेवर जन्मभर राहिले, ते छडीमुळे राहिले की तालामुळे? पाढ्यांना ठेका होता, हेल होता. तीस मुले एका आवाजात ते म्हणत तेव्हा त्यात खेळाचाच आनंद असे. संध्याकाळी दिवेलागणीला घरी म्हटला जाणारा परवचा हा तर कुटुंबाचा सोहळाच होता. म्हणजे धाकाच्या त्या राज्यातही मुलांना धरून ठेवणारी वस्तू आनंद हीच होती. तिचे श्रेय मात्र छडी घेऊन जात असे.

ध्येयाचा उत्साह

एकोणिसाव्या शतकात नव्या शाळा निघाल्या आणि त्यांबरोबर शिक्षकाची एक नवी मूर्ती महाराष्ट्राने पाहिली. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा सुरू केली. रस्त्याने जाताना अंगावर उडालेला चिखल पुसून वर्गात उभी राहणारी शिक्षिका मुलींना जे शिकविते ते केवळ अक्षरांपुरते राहत नाही. शिकणे ही एवढी मोलाची वस्तू आहे की तिच्यासाठी हे सर्व सोसावे, हा पहिला धडा तिच्या नुसत्या येण्यातूनच मिळत असे.

पुढे जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक ह्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि थोड्याच काळात गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. विष्णुशास्त्री सरकारी शाळेतील नोकरी सोडून आले होते. आगरकरांनी मोठ्या पगाराची आशा धरू नये असे आपल्या आईस आधीच कळवून टाकले होते. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय ही त्याच उत्साहाची फळे होत. ह्या मंडळींचे आपसांत पुढे मतभेद झाले, वाटा वेगळ्या झाल्या; परंतु शिक्षक हा पोटार्थी कारकून नसून तो आपखुशीने ह्या कामात पडलेला मनुष्य आहे, ही जाणीव विद्यार्थ्यांच्या मनात त्यांनी रुजविली. आपल्या शिक्षकास येथे असण्याची गोडी आहे हे एकदा मुलांस कळले की त्यांनाही तेथे असण्याची गोडी वाटू लागते. उत्साहाचे रहस्य एवढेच आहे.

ह्या परंपरेतील सर्वांत हळुवार नाव साने गुरुजींचे. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ पासून १९३० पर्यंत खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. मुले शाळेत गेली म्हणजे हे गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त पडलेल्या कपड्यांच्या घड्या घालून ठेवीत. आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. दिवसभर शिकवून थकलेल्या मनुष्याने एका वसतिगृहातील मुलांसाठी रोज एक दैनिक लिहावे, ह्यास उत्साह म्हणावयाचे नाही तर कशास म्हणावयाचे? आपल्यासारख्या अनेक ज्ञातिसंस्थांनी विद्यार्थी वसतिगृहे काढली, त्यांना इमारती दिल्या, नियमावल्या दिल्या. त्या प्रत्येक वसतिगृहास एक तरी असा व्यवस्थापक लाभावयास हवा होता, असे म्हणणे वावगे होणार नाही.

फळा आणि विनोद

साने गुरुजींनी मुलांस रडविले, तर त्यांच्याहून अवघ्या सोळा महिन्यांनी वडील असलेल्या दुसऱ्या एका शिक्षकाने महाराष्ट्रास हसविले. प्रल्हाद केशव अत्रे ह्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत गावी झाला. नाटककार, वक्ते, संपादक, चित्रपटकार अशा अनेक नात्यांनी आज त्यांचे स्मरण होते. परंतु त्यांच्या नावामागे कायमची चिकटलेली ‘आचार्य’ ही पदवी त्यांच्या मूळ पेशाची खूण आहे. पुण्याच्या लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलाचे ते दीर्घकाळ मुख्याध्यापक होते. अध्यापनशास्त्राच्या अभ्यासासाठी ते लंडनला गेले आणि १९२८ साली तेथील पदविका घेऊन परतले. म्हणजे त्यांचा वर्गातील विनोद हा केवळ स्वभावाचा उमाळा नव्हता. शिकविणे हे शास्त्र आहे, ह्याची त्यांना पुरती जाण होती.

लंडनला जाण्यापूर्वीच, १९२५ साली, त्यांचा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकाव्यांचा संग्रह ‘केशवकुमार’ ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झाला होता. पुष्कळांस तो निव्वळ टवाळखोरी वाटला. परंतु विडंबन समजावयाचे तर आधी मूळ कविता ठाऊक हवी, तिचे वृत्त कानात हवे, तिच्यातील खरे शब्द कोणते आणि उसने कोणते हे ओळखता आले पाहिजे. जो विद्यार्थी अशा विडंबनास हसला, तो न कळत काव्यशास्त्राच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. विनोद शिक्षणाचे काम कसे करतो ह्याचे ह्याहून उत्तम उदाहरण शोधावयास नको.

क्रमिक पुस्तकांच्या बाबतीतही त्यांनी हाच विचार चालविला. त्या काळच्या वाचनपुस्तकांत उपदेशाचा भरणा एवढा असे, की मुलगा मनुष्य होण्याऐवजी सुभाषितसंग्रह होण्याची भीती वाटावी. अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने ह्या पुस्तकांत समकालीन लेखकांचे ताजे लेखन, संवाद, गोष्टी आणि गंमत आणली. त्यांचा ‘दिनूचे बिल’ हा धडा ज्यांनी शाळेत वाचला त्यांस तो विसरणे शक्य नाही. घरकामाचे बिल आईपुढे ठेवणाऱ्या मुलास आई उलट बिल देते आणि त्यात स्वतःच्या सर्व कष्टांपुढे रकमेच्या जागी काहीच मागत नाही. मातृभक्तीवर दहा पाने उपदेश करून जे साधले नसते ते एका कागदाच्या चिटोऱ्याने साधले. मूल प्रथम दिनूच्या चतुराईस हसते, आणि मग एकाएकी गप्प होते.

आणखी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. मराठीतील विनोदी लेखकांची नावे डोळ्यांपुढे आणली, तर त्यांत फळ्यापुढे उभे राहिलेल्या माणसांची संख्या विस्मय वाटावा एवढी आहे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ह्यांचे जनक चिं. वि. जोशी हे बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते. पु. ल. देशपांडे ह्यांनी शाळेत व महाविद्यालयांत अध्यापन केले. त्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ ह्या पुस्तकास १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यातील चितळे मास्तर हे तर महाराष्ट्रातील प्रत्येकास आपल्याच शाळेतील वाटतात. खेड्यातील शाळेच्या गमती सांगून हसविणारे द. मा. मिरासदार हेही पेशाने अध्यापकच. ‘बाळकराम’ ह्या नावाने विनोदी लेख लिहिणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनीही काही काळ मुलांना शिकविले होते.

हा योगायोग म्हणावयाचा काय? आम्हांस तसे वाटत नाही. चाळीस मुलांपुढे दररोज उभे राहणाऱ्या मनुष्यास एक गोष्ट फार लवकर कळते. मोठी माणसे कंटाळली तरी सभ्यतेने ऐकल्याचा आविर्भाव करतात. मुले तसे करीत नाहीत. शब्द कोठे पोहोचला, कोठे अडला, वाक्य कोठे लांबले, हे मुलांच्या चेहऱ्यावर त्याच क्षणी उमटते. वर्ग हीच विनोदाची सर्वांत कडक परीक्षा आणि सर्वांत उत्तम तालीम आहे. मराठी भाषेने आपल्या शाळामास्तरांस थोडा पगार दिला. त्याची फेड त्यांनी तिला हसावयास शिकवून केली.

हसविणे आणि हिणविणे

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. वर्गात पिकलेले प्रत्येक हास्य हे शुभ नसते. मुलाच्या बोबड्या उच्चारास, त्याच्या ठिगळाच्या सदऱ्यास, त्याच्या आडनावास किंवा बापाच्या धंद्यास उद्देशून शिक्षकाने केलेल्या कोटीवर एकोणचाळीस मुले हसतात आणि चाळिसावे मूल दुसऱ्या दिवसापासून शाळेस दांडी मारू लागते. ज्या समाजांतील मुले शाळेत प्रथमच पाऊल टाकीत होती, त्यांच्या वाट्यास हे हास्य अधिक आले. छडीचा वळ चार दिवसांत जातो, ह्या हास्याचा वळ म्हातारपणापर्यंत टिकतो. आपल्या ज्ञातीतील वृद्ध मंडळींस त्यांनी शाळा का सोडली असे विचारून पाहावे. गरिबीखालोखाल हे कारण ऐकू आल्यास नवल वाटावयास नको.

तेव्हा शिक्षकाच्या विनोदाची कसोटी सरळ आहे. ज्याच्यावर विनोद झाला तो मुलगाही इतरांबरोबर हसला काय? चांगला शिक्षक बहुधा स्वतःवर विनोद करतो, किंवा विषयावर करतो. भूमितीतील हट्टी त्रिकोणावर, व्याकरणातील लहरी अपवादावर, इतिहासातील फुशारकी मारणाऱ्या सरदारावर करतो. मुलाच्या चुकीवर केला तरी तो चुकीपुरता ठेवतो, मुलापर्यंत जाऊ देत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे १ एप्रिल २०१० पासून, शाळेत शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. छडी हातातून काढून घेणे हे कायद्याचे काम होते आणि ते त्याने केले. रिकाम्या झालेल्या त्या हातात काय द्यावयाचे, हे मात्र कोणताही कायदा सांगू शकत नाही.

भावनगरचा वकील आणि त्याच्या गोष्टी

ते काय द्यावयाचे ह्याचा शोध ज्यांनी जन्मभर घेतला त्यांत गिजुभाई बधेका ह्यांचे स्थान मोठे आहे. हे गुजराती गृहस्थ. परंतु त्यांच्या कार्याचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो, म्हणून त्यांची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. १८८५ साली जन्मलेले गिजुभाई धंद्याने वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची काळजी करता करता ते बालशिक्षणाकडे वळले. माँटेसरीबाईंच्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला, वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशांच्या ह्या माणसास लोक प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. वकिलास ह्याहून मोठी पदवी कोणते न्यायालय देणार?

१९३० च्या सुमारास प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक एका काल्पनिक मास्तराची कथा आहे. अधिकाऱ्याची परवानगी काढून हा मास्तर चौथीचा एक वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो शांततेचा खेळ योजून वर्गात जातो, आणि मुले एवढा गोंधळ माजवितात की त्याचा बेत पार धुळीस मिळतो. तो मुलांना सुट्टी देऊन घरी जातो आणि विचार करतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो. गोंधळ करणारी तीच मुले मास्तराभोवती गोळा होतात. गोष्ट अर्धी ठेवली की हजेरी, स्वच्छता, शिस्त ह्या साऱ्या गोष्टी मुले स्वतःहून पार पाडतात, कारण पुढची गोष्ट ऐकावयाची असते. गोष्टींतून वाचनाची गोडी, गोडीतून वर्गाचे छोटे ग्रंथालय, खेळांतून व्याकरण, नाटकांतून भाषा, असा त्याचा वर्ग वर्षभर पुढे जातो.

ह्या पुस्तकाचे खरे मोल त्यातील पहिल्या दिवशीच्या फजितीत आहे. उत्साही शिक्षकासही वर्ग पहिल्याच दिवशी वश होत नाही. उत्साह म्हणजे न चुकणे नव्हे. काल फसलेल्या बेताची खंत मुलांवर न काढता आज दुसरा बेत घेऊन वर्गात येणे, ह्यास उत्साह म्हणतात.

बोर्डीचे अंगण, कोसबादची टेकडी

भावनगरास गिजुभाईंच्या सहकारी म्हणून ज्यांनी काम केले, त्या ताराबाई मोडक ह्या महाराष्ट्राच्या कन्या. १८९२ साली जन्मलेल्या, पदवीधर, विदुषी अशा ह्या बाईंनी मानाच्या जागा सोडून तीन-चार वर्षांच्या बालकांत बसणे पसंत केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि पुढे ताराबाईंनी हे कार्य मुंबईस व महाराष्ट्रात आणले. परंतु खर्चिक साधने, टापटिपीच्या खोल्या आणि सुखवस्तू घरांतील मुले एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या अनुताईंनी पुढचे सारे आयुष्य ह्या कामास वाहिले.

बोर्डीस पहिली अडचण आली ती अशी, की बालवाडी उघडली तरी वस्तीवरील मुले तेथे येईनात. घरी धाकटे भावंड सांभाळावयाचे असे, आईबाप कामावर गेलेले असत, आणि शाळा ही वस्तू ओळखीची नव्हती. धाकाच्या परंपरेतील शिक्षकाने ह्यावर ‘ह्या लोकांस शिक्षणाची आवडच नाही’ असा शेरा लिहून वही मिटली असती. ह्या दोघींनी उलट केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावयाची, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. मुलांना आंघोळी घालावयाच्या, केस विंचरावयाचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. विकत आणलेल्या साधनांच्या जागी पाने, बिया, खडे, शंखशिंपले आले. अंगणात भरणाऱ्या ह्या वाडीस ‘अंगणवाडी’ असे नाव पडले.

१९५७ साली हे कार्य डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखावयास रानात जात. मग त्यांच्यासाठी कुरणातच ‘कुरणशाळा’ भरू लागली. गुरे चरत आहेत आणि त्यांचे राखणदार शिकत आहेत, असे दृश्य तेथे दिसू लागले. ज्या मुलावर शाळेत बसण्याची कसलीही सक्ती नाही, ज्यास उठून रानात निघून जाण्यास कोणी अडवीत नाही, त्या मुलास धरून ठेवण्यास शिक्षिकेपाशी गाणे, गोष्ट आणि हसरा चेहरा ह्यांवाचून दुसरे साधन कोणते होते? येथे हास्य ही चैन राहिली नाही, ती शाळेची अट झाली. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा बोर्डीच्या अंगणातला तो शब्द देशभर गेला. आज परप्रांतांतही ‘अंगणवाडी’ हा शब्द कानी पडतो तेव्हा त्यामागे दोन मराठी शिक्षिकांची ही युक्ती आहे, ह्याचा आपणांस रास्त अभिमान वाटावा. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, तो दिवा तेवत ठेवला.

दोन आक्षेप

ह्यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की हसत-खेळत शिकविल्याने अभ्यास मागे पडतो आणि शिस्त बिघडते. वरील इतिहास ह्याच्या उलट सांगतो. गंमत करणाऱ्या शिक्षकास गंमत न करणाऱ्या शिक्षकापेक्षा अधिक तयारी करावी लागते. धडा वाचून दाखविणे कोणासही जमते. तोच धडा न वाचता गोष्टीसारखा सांगावयाचा तर तो आधी स्वतःच्या अंगी मुरावा लागतो. वर्गात पिकणाऱ्या एका सहज हास्यामागे आदल्या रात्रीचा एक तास असतो. आणि शिस्तीविषयी म्हणावयाचे तर, भीतीने शांत बसलेला वर्ग आणि पुढे काय होणार ह्या उत्सुकतेने शांत बसलेला वर्ग, हे दोन्ही दाराबाहेरून सारखेच शांत भासतात. फरक कळतो तो शिक्षक घटकाभर बाहेर गेला म्हणजे.

दुसरा आक्षेप असा, की विनोदबुद्धी ही जन्मजात देणगी आहे. ती सर्व शिक्षकांजवळ कोठून असणार? हे काही अंशी खरे आहे. प्रत्येक शिक्षक अत्रे होणार नाही, आणि झाला तर मुख्याध्यापकांस झोप लागणार नाही. परंतु साने गुरुजी विनोदासाठी प्रसिद्ध नव्हते, तरी त्यांची मुले त्यांना सोडीनात. ज्यास आपल्या विषयाचे प्रेम आहे, ज्यास मुलांचे नाव आणि गाव ठाऊक आहे, ज्यास स्वतःच्या चुकीवर हसता येते, त्याच्या वर्गात हास्य आपोआप येते. त्यास कोट्या पाठ कराव्या लागत नाहीत.

आपले कर्तव्य

आता आपल्याकडे वळू. मुलाच्या नव्या वर्गशिक्षकाविषयी आपण घरी काय विचारतो? ‘मास्तर कडक आहेत ना?’ हाच पहिला प्रश्न अद्याप पुष्कळ घरांत विचारला जातो. मूल हसत घरी आले आणि शाळेतली गंमत सांगू लागले, की ‘शाळेत शिकवितात की गमती करतात?’ म्हणून आपण त्यास गप्प करतो. आपण एका हाताने शाळेस देणगी देतो आणि दुसऱ्या हाताने शाळेतला आनंद उंबऱ्याबाहेर अडवितो. मुलाने सांगितलेली ती गंमत घरातल्या सर्वांनी बसून ऐकणे, हा त्याच्या शिक्षकास दिलेला मोठाच मान होय, आणि त्यास एक पैचाही खर्च येत नाही.

ज्ञातिसंस्थांनी शिष्यवृत्त्या द्याव्यात, वसतिगृहे चालवावीत, गुणगौरव करावेत. हे सर्व योग्यच आहे. परंतु शिष्यवृत्ती ही शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचलेल्या मुलाच्या हाती पडते. जे मूल चौथीत किंवा सातवीतच शाळेस कंटाळले, त्याच्यापर्यंत संस्थेचा अर्ज जातही नाही. तेथे पोहोचतो तो एकटा शिक्षक. म्हणून एक साधी सूचना येथे करावीशी वाटते. शिष्यवृत्तीच्या व पारितोषिकाच्या छापील अर्जात गुणांच्या रकान्याखाली आणखी एक रकाना असावा : ‘ज्यांचा तास कधीही बुडवावासा वाटला नाही, अशा शिक्षकांचे नाव.’ तो विद्यार्थ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा. शिक्षक कोणत्या ज्ञातीचे, कोणत्या धर्माचे, कोणत्या गावचे, हे विचारण्याचे कारण नाही. गुणगौरवाच्या दिवशी संस्थेच्या कार्यवाहांनी त्या शिक्षकांना दोन ओळींचे पत्र पाठवावे, आणि स्मरणिकेच्या यादीत विद्यार्थ्याच्या नावापुढे त्यांचेही नाव छापावे. शाईचा खर्च थोडा वाढेल, तो सभासद कुटुंबे आनंदाने सोसतील, अशी आशा आहे.